खेळ, पैज आणि मैसिर

गेल्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीत मागे थांबला. खाजगी कंपनीत नोकरी, आणि वर्षभरापासून तो वरिष्ठांबरोबर गोल्फ खेळू लागलेला. "मौलाना, आम्ही चौघे खेळताना पाचशे-पाचशे रुपयांची पैज लावतो. रक्कम किरकोळ, सारे ओळखीचे, फसवणूक कोणाचीच नाही. मग हा जुगार कसा?" त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक वाटले.

खेळ निषिद्ध नाही

आपल्या पनवेल परिसराला गोल्फ आता परका राहिलेला नाही. खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने त्याचे मैदान उभारले आहे. या खेळात गुणही आहेत. हिरवळीवरून काही किलोमीटर चालणे होते, संयम अंगी बाणतो, आणि बहुधा पंच सोबत नसल्यामुळे खेळाडूला आपले फटके स्वतःच प्रामाणिकपणे मोजावे लागतात. ही एक प्रकारची अमानतच आहे. दिल्लीत इतरांच्या पिशव्या वाहणारे कॅडी अली शेर हे १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. मेहनतीने मिळालेल्या अशा यशाला इस्लाम नाकारत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आले आहे. मदीनेत घोड्यांच्या शर्यतीही त्यांनी घेतल्या. सतर, नमाज आणि कर्तव्ये सांभाळून खेळलेला निकोप खेळ मुबाह आहे.

बिघाड कोठे होतो?

बिघाड पैजेत होतो. सूरह अल्-माइदाच्या आयत ९० व ९१ मध्ये मद्याबरोबरच मैसिर, म्हणजे जुगार, हे सैतानी घाणेरडे कृत्य ठरविले आहे. त्याची दोन कारणेही तेथेच सांगितली आहेत : त्यातून परस्परांत वैर निर्माण होते, आणि माणूस अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून अडविला जातो. सूरह अल्-बकराच्या आयत २१९ मध्ये जुगारात लोकांना काही लाभ असल्याचे मान्य केले आहे. मात्र त्याचे पाप त्या लाभाहून मोठे आहे.

ही दोन्ही कारणे गोल्फच्या मैदानावर पडताळून पाहा. तेथील एका प्रचलित पैजेत तीन पैजा एकत्र असतात : पहिल्या नऊ होलांवर एक, शेवटच्या नऊवर दुसरी आणि एकूण अठरांवर तिसरी. म्हणजे पाचशेची पैज मुळातच दीड हजारांची होते. त्यात मागे पडलेला खेळाडू उरलेल्या होलांवर तेवढ्याच रकमेची नवी पैज मागू शकतो. दोन्ही टप्प्यांत असे एकेकदा घडले, तर सर्व हरणाऱ्याच्या माथी अडीच हजार रुपये बसतात. हरलेले भरून काढण्याची ओढच माणसाला आणखी खोल नेते. शिवाय अठरा होलांना चार तासांहून अधिक वेळ सहज लागतो. पैसे अडकलेला माणूस असरसाठी खेळ थांबवील काय? आणि वरिष्ठांकडून हरलेला कनिष्ठ घरी कोणते मन घेऊन जाईल?

हुकूम लक्षात ठेवा

दोन्ही बाजूंनी पैसे लावायचे आणि जिंकणाऱ्याने ते घ्यायचे, हा किमार होय. तो हराम आहे, मग रक्कम पाचशे असो वा पाच रुपये. 'हरणाऱ्याने चहा पाजायचा' ही अटसुद्धा त्यातच मोडते. खेळाडूंपैकी कोणीही पैसे न लावता त्रयस्थाने आपल्या पदरचे बक्षीस दिले, तर अनेक उलमांच्या मते ते घेता येते. मैदानाचे शुल्क समान वाटून भरणे हा तर खर्च आहे, पैज नव्हे.

हाच नियम आपल्या गावोगावच्या क्रिकेट स्पर्धांना लागू आहे. संघांच्या प्रवेशशुल्कातूनच विजेत्याला रोख बक्षीस देणे हे किमारचेच रूप आहे. प्रवेशशुल्क आयोजनाच्या खर्चासाठी ठेवावे आणि बक्षीस वेगळ्या दात्याकडून घ्यावे. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचे खेळ तर देशाच्या कायद्यानेही ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केले. शरीअतने ते दार चौदाशे वर्षांपूर्वीच लावले होते.

तौबाचा मार्ग

एका हदीसचा आशय असा की, ज्याने सोबत्याला जुगार खेळण्याचे आमंत्रण दिले, त्याने सदका द्यावा. नुसत्या आमंत्रणाची जर ही भरपाई, तर प्रत्यक्ष खेळण्याचे काय! पूर्वी जिंकलेले पैसे ज्याचे त्याला परत करावेत. ते शक्य नसल्यास सवाबची नियत न ठेवता गरिबांना द्यावेत.

"वरिष्ठ दुरावतील," असे तो तरुण म्हणाला. मी म्हटले, "खेळ सोडू नका, पैज सोडा. 'मी पैशांशिवाय खेळेन', एवढे एकच वाक्य बोलायचे आहे." पुढच्या जुम्याला तो भेटला. एकाने टोमणा मारला होता. खेळ मात्र चालूच राहिला. त्या दिवशी त्याने असर मैदानाच्या कडेला वेळेवर अदा केली होती.

अल्लाह आपल्या मुलांना निकोप खेळ आणि हलाल कमाई यांची गोडी देवो. आमीन.