अग्निशमन सेवा : बंब, मनुष्यबळ आणि सार्वजनिक वित्त

नवी दिल्लीतील सरोजिनी नगर बाजारात २९ ऑक्टोबर २००५ रोजी, ऐन दिवाळीच्या खरेदीच्या गर्दीत बॉम्बस्फोट झाला. त्या सायंकाळी राजधानीत तीन ठिकाणी झालेल्या स्फोटांत ६० हून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. तत्पूर्वी १३ जून १९९७ रोजी जवळच्याच ग्रीन पार्कमधील उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ जणांचा, प्रामुख्याने गुदमरून, बळी गेला होता. अशा प्रसंगी पहिली काही मिनिटेच निर्णायक ठरतात.

घटनात्मक स्थान : ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेची सातवी नोंद आहे. दिल्लीत ही सेवा दिल्ली सरकारच्या अखत्यारीत आहे. महाराष्ट्रात महानगरपालिका व नगरपरिषदा आपापली दले चालवतात.

मनुष्यबळाचे गणित : एका बंबावर ६ जणांचे पथक गृहीत धरू. आठ तासांच्या तीन पाळ्यांसाठी दररोज १८ कर्मचारी लागतील. प्रत्येकाला साप्ताहिक सुटी द्यावयाची तर ही संख्या २१ होते. रजा व प्रशिक्षणाची तरतूद वेगळीच. यांपैकी ७ पदे रिक्त राहिल्यास दररोज सरासरी १२ कर्मचारीच उरतात. परिणामी बंब एक पाळी केंद्रातच उभा राहतो किंवा ४ जणांच्या अपुऱ्या पथकासह धावतो. नोंदवहीत मात्र तो ‘उपलब्ध’ असतो.

वित्तीय पैलू : बंबाची खरेदी हा एकदाच होणारा भांडवली खर्च, तर वेतन हा दरवर्षीचा महसुली खर्च होय. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. तीत राज्यांचा वाटा २५ टक्के, तर ईशान्य व हिमालयीन राज्यांचा १० टक्के आहे. तथापि, भांडवल व श्रम येथे परस्परपूरक आहेत. भरती रखडल्यास नव्या बंबाची सीमान्त उपयुक्तता शून्याकडे झुकते.

रस्ता मोकळा नसल्यास पूर्ण पथकही हतबल ठरते. सरोजिनी नगर बाजारातील गर्दीबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये चिंता व्यक्त केली होती. म्हणूनच सज्जतेचे मोजमाप बंबांच्या संख्येवरून नव्हे, तर प्रत्येक पाळीत पूर्ण पथकासह निघू शकणाऱ्या बंबांवरून व्हावयास हवे.

सरावासाठी प्रश्न : ‘अग्निशमन ही सार्वजनिक वस्तू असल्याने तिची तरतूद बाजारावर सोपवता येत नाही.’ चर्चा करा.