निजेला धोंडा
(द्वितीय वर्ष, कला)

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भूक लागली की कोंडाही गोड लागतो आणि झोप आली की धोंड्याचीही उशी होते, असा तिचा अर्थ. मग मऊ गादीवर रात्रभर कुशी बदलणारी माणसे का दिसतात? म्हण खोटी आहे काय? मानसशास्त्राच्या पुस्तकातील झोपेचे प्रकरण वाचल्यावर मला वाटले, म्हण खोटी तर नाहीच; उलट निद्रानाशावरील उपायाचे बीज तिच्यातच आहे.

झोपेचे महत्त्व आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधारस्तंभ मानले आहेत. आधुनिक काळात, १९८२ साली, झुरिचच्या बोर्बेली या शास्त्रज्ञाने झोपेची उपपत्ती मांडली. तिच्यानुसार झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे जागरणाचे ओझे. आपण जितके अधिक जागतो, तितके हे ओझे वाढते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि डोळे जड होतात. चहा-कॉफीतील कॅफिन याच द्रव्याची वाट अडवते. त्याचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास सुमारे ५ तास लागतात. म्हणून संध्याकाळचा चहा रात्री आडवा येतो. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते रोज लावले जाते. ओझे पुरेसे आणि घड्याळ अनुकूल, असे झाले की निजेला धोंडाही चालतो.

आठवड्यातून निदान ३ रात्री झोप लागत नाही किंवा मध्येच मोडते, त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होतो आणि असे ३ महिने चालते, तेव्हा त्यास जुनाट निद्रानाश म्हणतात. सुरुवात बहुधा एखाद्या खऱ्या चिंतेने होते. घरातील आजारपण, कर्ज, परीक्षा. परंतु चिंता सरली तरी निद्रानाश सरत नाही, कारण तो आता आपल्या उपायांवर पोसला जातो. झोप भरून काढावी म्हणून माणूस लवकर अंथरुणावर पडतो, सकाळी लोळत राहतो, दुपारी डुलकी घेतो. त्यामुळे ओझे साठतच नाही. शिवाय रोज तळमळल्याने अंथरूण म्हणजे तळमळीची जागा, अशी मनाची सवय होते.

ही सवय मोडण्याचे नियम बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली सांगितले. ते असे :

(१) झोप आल्यावरच अंथरुणावर जावे. तेथे वाचन, मोबाईल, हिशेब करू नयेत.
(२) साधारण २० मिनिटांत झोप न लागल्यास उठावे. घर एकाच खोलीचे असेल, तर भिंतीशी किंवा उंबऱ्यापाशी मंद उजेडात बसावे व डोळे मिटू लागल्यावर परतावे. घड्याळ पाहू नये.
(३) रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे; दिवसा झोपू नये.

पहिले काही दिवस जड जातात. पण ओझे साठते आणि झोप परत येते. या नियमांवर आधारलेली, विचार व सवयी बदलणारी उपचारपद्धती गोळ्यांच्या आधी वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली केली. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

मात्र प्रत्येक झोपेचे दुखणे हा निद्रानाश नव्हे. माझे वडील साखर कारखान्यात कामाला आहेत. गाळपाच्या हंगामात रातपाळी करून ते सकाळी घरी येतात, तेव्हा ओझे पुरेपूर असते, पण शरीराचे घड्याळ ‘दिवस उजाडला’ म्हणून सांगत असते. दोन-तीन तासांत त्यांना जाग येते. गल्लीतील लोक याला आळस किंवा चिडखोरपणा म्हणतात. खरे पाहता तो घड्याळाचा विरोध आहे. अशा माणसासाठी खिडकीला जाड पडदा, घरात शांतता आणि पाळीपूर्वी थोडी झोप एवढे घरच्यांनी सांभाळले, तरी पुष्कळ होते. मोठ्याने घोरणाऱ्याचा श्वास मध्येच थांबत असेल व तो दिवसा पेंगत असेल, तर तो श्वासरोधाचा विकार असू शकतो. रात्री पोटऱ्यांत वळवळ होऊन पाय हलवावेसे वाटत असतील, तर रक्तातील लोह तपासून घ्यावे. ही दुखणी डॉक्टरांनाच दाखवावीत.

शेवटी आपल्याविषयी. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काढणे ही आपल्याकडे अभ्यासाची खूण समजली जाते. १९२४ साली जेंकिन्स व डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक शब्द पाठ करावयास लावले. पाठांतरानंतर झोपल्यास विसर कमी पडतो व जागे राहिल्यास अधिक पडतो, असे त्यांना आढळले. म्हणजे झोप हादेखील अभ्यासाचाच भाग आहे. ज्यांच्या घरी आईवडील कष्टाने थकून शिक्षणाचा खर्च उचलतात, त्या आपण विद्यार्थ्यांनी तरी झोपेला आळस समजू नये. झोप ओढून आणता येत नाही. ठरल्या वेळी उठून आणि दिवसभर काम करून ती कमवावी लागते. तशी कमावली, की उशाला धोंडा असला तरी चालतो.