बदलते हवामान, मराठवाडा आणि भूमिहीनांचा वाटा

हवामानबदल हा विषय हल्ली शाळा-महाविद्यालयांतून शिकविला जातो. परंतु ध्रुवावरील बर्फाची चर्चा त्यात जितकी होते, तितकी बीड, लातूर, धाराशिवची होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही मराठवाड्यापुरताच विचार करणार आहोत.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, मराठवाड्यावरील संकट केवळ पाऊस कमी होण्याचे नाही. वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस येथे पडतो. त्याची पडण्याची रीत बिघडली आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. आपला अनुभवही निराळा नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने रब्बी झोपविली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर होते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात पुराने पिकासोबत रानातील मातीही खरवडून नेली. तेव्हा तयारी करावयाची ती दोन्हींची, पावसाच्या खंडाची आणि अतिवृष्टीचीही.

शेतात ती कशी करता येते याचे सोपे उदाहरण म्हणजे रुंद वरंबा-सरी. सोयाबीन सपाट रानात न पेरता रुंद वरंब्यावर पेरले, म्हणजे पाऊस ओढ देतो तेव्हा सरीत मुरलेली ओल पिकाला तारते आणि जादा पाऊस झाला तर तीच सरी पाणी बाहेर काढते. जोडीला तूर असली म्हणजे एक पीक गेले तरी दुसऱ्याची आशा राहते. शेततळ्यांबाबत मात्र आमचे मत थोडे वेगळे आहे. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडविणारे शेततळे चांगलेच. परंतु विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात साठविणे म्हणजे साऱ्या शिवाराच्या पाण्याला एकाने कुलूप लावणे होय. शिवाय उन्हात वाफ होऊन जाते ते वेगळेच!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वरील उपाय ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्यासाठी आहेत. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे भूमिहीन आहेत, कितीतरी गायरान कसतात. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. तरीही अनेकांची नावे सातबाऱ्यावर चढली नाहीत. अशा माणसाचे पीक वाहून गेले तर नुकसानभरपाई, पीकविमा, बँकेचे कर्ज यांपैकी काहीही हाती लागणे कठीण.

मग ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा देता येतो काय? येतो, आणि तो महाराष्ट्रातच देऊन झाला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातील माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ऊस लावावयाचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही वाटा, तो दुसऱ्याची जमीन वाट्याने कसून ते पाणी वापरू शकतो. आमच्या मते हवामानबदलाशी जुळवून घेण्याचा याहून न्याय्य धडा शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. मात्र ही व्यवस्था लोकांच्या संमतीवर उभी होती, कायद्यावर नव्हे. पुढे २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना अधिकार मिळाले. त्यांचे सभासदत्व जमीनधारकांकडेच राहिले.

विद्यार्थी मित्रांनो, उन्हाळी सुटीत गावी जाल तेव्हा एक वही सोबत न्या. वस्तीतील विहिरीचे पाणी मे महिन्यात किती खोल आहे ते दोर सोडून मोजा आणि दिवाळीत पुन्हा मोजा. टँकर आपल्या वस्तीत किती वेळ थांबतो, गावात किती वेळ, तेही लिहा. गायरान कसणाऱ्यांकडे दंडाच्या पावत्या, पंचनामे असे कोणते जुने कागद आहेत त्यांची यादी करा. पत्र्याच्या पेटीत ते बहुधा सापडतात. ही वही १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचावी आणि तिची नोंद इतिवृत्तात घ्यावयास लावावी.