फवारणी कामगारांची विषबाधा : त्वचामार्गाचा विचार

विष म्हटले की ते पोटात गेले असणार, असा आपला सहज समज असतो. सुश्रुताचार्यांनी मात्र कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात अन्नपानाबरोबर अभ्यंगाचे तेल, स्नानाचे जल, वस्त्रे व पादत्राणे यांतून होणारी विषबाधाही वर्णिली आहे. अगदतंत्रात बहुधा परीक्षेपुरता वाचला जाणारा हा भाग कीटकनाशके हाताळणाऱ्यांच्या बाबतीत नित्य उपयोगाचा आहे.

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर बाधित झाले. वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी कपाशी पुरुषभर वाढलेली होती. नळी उंच धरावी लागे आणि तुषार तोंडावर व छातीवर पडत. पाठीवरचा पंप गळला की सदरा भिजतो आणि तोच संध्याकाळपर्यंत अंगावर वाळतो. शहरात बंद खोलीत वाळवीसाठी फवारणाऱ्या कामगाराला श्वासाबरोबर हाच मार्ग बाधतो. ‘तोंडाला रुमाल होता’ एवढ्यावर आपण समाधान मानू नये. ओला रुमाल विष नाकाशीच धरून ठेवतो. रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा व योग्य मास्क हवाच. त्याशिवाय भिजलेले कपडे तत्काळ बदलणे, ते घरच्या धुण्यात न मिसळणे आणि हात धुतल्याविना तंबाखू न मळणे, हे रुग्णास आवर्जून सांगावे.

ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाच्या बाधेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. लाळ, अश्रू व घाम सुटतो. वांती, जुलाब, स्नायूंचे स्फुरण व श्वासकष्ट होतात. फवारणीच्या हंगामात असा रुग्ण अजीर्ण समजून चूर्णाची पुडी देऊन परत पाठविला जाण्याचा धोका खरा आहे. म्हणून वैद्यांनी, तसेच औषधालयचालकांनीही, ‘आज फवारणी केली काय?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

उत्तर होकारार्थी आल्यास स्वतः हातमोजे घालून रुग्णाचे कपडे उतरवावेत. केस व नखांसह सर्वांग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. वमन, घृतपान वा दूध देऊ नये, अंगास तेल लावू नये. अ‍ॅट्रोपिन व कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पाठवावे. सोबत डब्यावरील लेबल वा माहितीपत्रक द्यावे. विषघ्न कल्पांचा आम्हांस अभिमान आहे, परंतु या आत्ययिक अवस्थेत त्यांवर विसंबणे आम्हांस मान्य नाही. दूषीविषाचा विचार रुग्ण स्थिर झाल्यावर करावा.

बरे वाटले म्हणून नातेवाईक घाईने घरी नेऊ पाहतात. एक ते चार दिवसांत मानेचे व श्वसनाचे स्नायू पुन्हा दुर्बल होऊ शकतात, हे त्यांना आपणच समजावून सांगावे.