प्रयोगशाळा नसली तरी प्रयोग होतातच

प्रश्न : ग्रामीण शाळेत प्रयोगशाळा नाही. सहावी-सातवीच्या मुलांना विज्ञान कृतीतून कसे शिकवावे?
– एक शिक्षिका, नाशिक जिल्हा

उत्तर : मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये सरकारी शाळांसाठी कृतीतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुण्यात ‘टेल्को’त नोकरी करणारे अभियंते अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन तिथे गेले. आठवडी बाजारातून त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणली आणि आगपेटीच्या काड्या जोडणारे सांधे तयार केले.

हा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो. काड्यांचे गुल खरवडून टाका. नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. मुलांना तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन करू द्या. दाबण्याआधी विचारा, कोणता आकार टिकेल? उत्तरे फळ्यावर लिहा.

चौकोन लगेच कलंडतो, त्रिकोण तग धरतो. तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरतात, चौकोनात तसे होत नाही. आता समोरासमोरच्या कोपऱ्यांतील नळ्यांना कर्कटकाने छिद्र पाडून तिरका आधार द्यायला सांगा. काडी अपुरी पडते, कारण कर्ण बाजूच्या सुमारे 1.4 पट असतो. खराट्याचा लांब हीर मात्र बसतो आणि चौकोन स्थिर होतो.

मग मुलांना बाहेर न्या. पत्र्याच्या छपराची कैची, विजेचा मनोरा, लोखंडी पूल यांतले त्रिकोण त्यांनीच शोधावेत, वहीत काढावेत. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर चौघांचे गट पुरेत, पण काड्या प्रत्येकाच्या हाती पडायलाच हव्यात.