काट्यावरचा दीड किलो

2025 च्या जानेवारीत आमच्या बुलढाणा जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर यायचं. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस एकाएकी गळत होते. आधी डोक्याला खाज, मग तीन-चार दिवसांत टक्कल. आयसीएमआरचं पथक येऊन पाण्याचे, रक्ताचे नमुने घेऊन गेलं. नेमक्या त्याच दिवसांत इकडे वडनेर भोलजीला माझ्या कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाऊजच्या पांढऱ्या अस्तरावर माझेच केस पडायचे. ते एक एक वेचायचे आणि मगच कात्री चालवायची. घरात सगळे घाबरले. सासूबाईंनी नळाचं पाणी बंद केलं, रेशनचा गहू कोठीतून बाहेर काढला. शेवटी हे मला तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी चिमटीत थोडे केस धरून हलकेच ओढले. आठ-दहा केस हातात आले. त्यांनी एक केस उजेडात धरून मला दाखवला. मुळाशी मोहरीहूनही लहान असा पांढरा ठिपका होता. "गेल्या तीन-चार महिन्यांत काय झालं? टायफॉईड, डेंग्यू, ऑपरेशन?" मी म्हटलं, काहीच नाही. मग त्यांनी विचारलं, "वजन किती उतरवलं?" मी मान खाली घातली.

त्या गावांचा प्रकार वेगळा होता. रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार होतं, असं पुढे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आपल्या तपासणीतून मांडलं. माझे केस मात्र माझ्या उपासमारीने गेले होते. शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही की ते आधी जीव सांभाळतं आणि केसांच्या मुळांना विश्रांतीला पाठवतं. ते केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून कारण कुठे आणि परिणाम कुठे, हे बाईच्या लक्षातच येत नाही. माझं हिमोग्लोबिन 9 वर आलं होतं.

हे सगळं सुरू झालं 2024 च्या पोळ्यानंतर. डिसेंबरात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. माझी उंची 155 सेंटिमीटर आणि वजन 74 किलो. गुडघे दुखायचे, तेव्हा वजन कमी करायलाच हवं होतं. ते करायचं ठरवलं यात माझी चूक नव्हती. चूक झाली ती काटा विकत आणला तेव्हा.

तो काटा मी न्हाणीपाशी ठेवला आणि दिवसातून चार-चार वेळा त्यावर उभी राहू लागले. सकाळी 73.2, रात्री 74.5. एक दिवस गावात भंडारा होता, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर दीड किलो जास्त. मी रडले. आठवडाभर साखर सोडली होती, चहा सोडला होता, आणि एका पंगतीत सगळं गेलं असं वाटलं.

ते गेलं नव्हतं, हे आज मला कळतं आणि तेच मला तुम्हाला सांगायचं आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दीड किलो चरबी एका रात्रीत चढायची तर गरजेपेक्षा साधारण 11,500 कॅलरी जास्त खायला हव्यात. तेवढ्या बट्ट्या कुणाच्याच पोटात मावत नाहीत. काट्यावर दिसलं ते पाणी होतं. भाजीतलं मीठ पाणी धरून ठेवतं. खाल्लेलं पिठूळ अन्न शरीरात साठतं तेव्हा एका ग्रॅमला तीन ग्रॅमच्या आसपास पाणी सोबत घेतं. शिवाय पोटातलं न पचलेलं अन्न असतंच. पाळी यायच्या आधीही असंच किलो-दीड किलो चढतं आणि नंतर आपोआप उतरतं. आपली फरशी वरखाली असेल तर काटा सरकवला तरी आकडा बदलतो. जुन्या घरांत तर हमखास.

मला हे कुणी सांगितलं नाही. सल्ले मात्र पुष्कळ मिळाले. आमच्याकडे बायका दोन मतांच्या. काहीजणी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या मताच्या: दिवसातून दोनदाच जेवायचं, 55 मिनिटांत जेवण संपवायचं, मधे काही नाही, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. काहीजणी ऋजुता दिवेकरांचं ऐकणाऱ्या: आपल्या मातीतलं, घरचं, थोडं थोडं खा. दोन्ही वाटांनी गेलेल्या आणि फायदा झालेल्या बाया मी पाहिल्या आहेत. मी एकाही वाटेवर पंधरा दिवस टिकले नाही, कारण रोज सकाळी काटा मला नापास करत होता.

मग कुणीतरी पावडरचा डबा दिला. दोन वेळा शेक, एक वेळ जेवण. डबा महाग, म्हणून दोन चमच्यांच्या जागी एकच घालायचे, आणि रात्रीच्या जेवणाला नुसती काकडी. नोव्हेंबर संपता संपता काटा 64 वर आला. अडीच महिन्यांत दहा किलो. लग्नात जो तो विचारी, "बाप्पा, किती वाळली वं! काय केलं?" मीही डब्याचं नाव सांगत सुटले. त्यातल्या दोघींनी डबा घेतला. याचं मला आजही वाईट वाटतं.

जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, ते कुणालाच सांगितलं नाही. फेब्रुवारीत प्रकटदिनाला बायका पायी शेगावला निघाल्या. दरवर्षी जाणारी मी त्या वर्षी गाडीने गेले.

डबा बंद केला तसं वजन परत आलं. गुढीपाडव्याला 71. उपाशी शरीर चरबीसोबत स्नायूही खातं, आणि वजन परत येतं तेव्हा बहुतेक चरबीच येते. आकडा जुनाच दिसतो, पण अंगातली ताकद तेवढी उरत नाही.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवायला सांगितलं. मला हायसं वाटलं. ज्वारीची भाकर सोडलेली नाही, पण तीनच्या दोन केल्या. वाटीभर घट्ट तुरीचं वरण नाहीतर मटकीची उसळ रोज असतेच, सोबत ताक किंवा अंडं. तेल महिन्याचं मोजून काढते. पहाटे हायवेवर ट्रक असतात म्हणून पांदणीने चालायला जाते, अर्धा-पाऊण तास. काटा माळ्यावर ठेवला आहे. रविवारी सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी खाली काढते. महिन्याचे चार आकडे वहीत लिहिते आणि पहिला-शेवटचा तेवढा ताडून पाहते.

आणि टेप. गळ्यात रोज टेप असताना मी काट्यामागे का लागले कोण जाणे. कंबर शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या बरोबर मधे मोजायची, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडच्या बाईची 80 सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवी, पुरुषाची 90 म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत. माझी 38 होती. आज साडेचौतीस आहे, आणि वजन 67. म्हणजे अजून पल्ला आहे. केस सहा-सात महिन्यांत परत आले.

काही गोष्टी स्पष्टच सांगते. साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ चुकवू नका; साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली येऊ शकते. कुठलाही डबा, कुठलाही उपास धरण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक, याहून भराभर उतरत असेल तर खुश होऊ नका. झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडेही होऊ शकतात. पंगतीत जेवलात तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून फेडू नका, नेहमीसारखं जेवा. तीन-चार दिवसांत आकडा जागेवर येतो.

लग्नाचा तो ब्लाऊज मी 64 किलोच्या मापाने शिवला होता. माया सोडायला जागा असूनही सोडली नाही, आता पुन्हा जाड होणारच नाही म्हणून सगळं कापून टाकलं. तो आजही कपाटात तसाच आहे. आता माझ्याकडे कुणी म्हणाली की ताई, महिनाभरात बारीक होणार आहे, घट्टच शिवा, तर मी मशीन थांबवते, तिला बसवते आणि आधी विचारते, सकाळपासून काय खाल्लं?