छोट्या गटाचं केंद्र: फोनवर सांगतात ती फी आणि प्रत्यक्ष भरावी लागते ती

मूल वर्गात अंगावर धावून जातं किंवा शाळेचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखतं. शाळा ‘स्पेशल सेंटर बघा’ म्हणून मोकळी होते. चार-सहा मुलांच्या गटात शिकवणारं केंद्र शोधायला निघाला असाल, तर फोनवरच्या आकड्यावर जाऊ नका.

आधी सरकारी दार ठोठावा. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागातही दाखवता येतं. आधार, जन्मदाखला, शेवटच्या दोन प्रगतिपुस्तकांची झेरॉक्स आणि शाळेचं पत्र सोबत न्या. तपासणीचा रिपोर्ट हातात नसेल तर खासगी केंद्र स्वतःचं असेसमेंट गळ्यात मारतं, आणि पहिला मोठा खर्च तोच. रिपोर्ट असूनही पुन्हा मागितलं तर कोणती चाचणी आणि कशासाठी, हे विचारा. बुद्ध्यांकाची तीच चाचणी थोड्या महिन्यांत पुन्हा घेतली तर सरावानं गुण वाढू शकतात. पैसे जातात आणि निष्कर्षही भरवशाचा राहत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राची आशा बेतानं ठेवा. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत भावनिक अडचणींचा वेगळा रकाना नाही. तपासणी ‘मानसिक आजार’ या प्रकारात होते आणि बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, फी शून्य. ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. प्रमाणपत्र मिळालं तर जुन्या करप्रणालीत 80डीडीखाली 75 हजारांची वजावट मिळते, 80 टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाखाची. केंद्राची फी मात्र शाळेची ट्यूशन फी म्हणून 80सीत दाखवता येत नाही.

आता केंद्राचं बिल. महिन्याच्या फीबाहेर काय काय, ते लेखी घ्या: प्रवेश फी, साहित्य, तिमाही रिपोर्ट, शाळाभेट, पालकांचं सक्तीचं समुपदेशन, मे महिन्याची फी. शॅडो टीचरचा, म्हणजे मुलासोबत बसणाऱ्या मदतनीसाचा, पगार बहुधा वेगळाच असतो. मूल आजारी पडलं तर तास भरून देणार की बुडाला? मग हिशेब मांडा. समजा महिन्याला 8,000 रुपये आणि बारा तास, तर तास 667 रुपयांना पडला. दोन बुडाले की तोच 800 ला. सहा महिन्यांच्या आगाऊ फीवर सवलत देतात, ती घेऊ नका. मूल तिथे रमतं का, ते कळायलाच एक-दोन महिने जातात. पावती नसेल तर पैसे देऊ नका, आणि जीएसटी लावला असेल तर पावतीवर नंबर बघा.

शिकवणारं कोण? विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. भिंतीवरच्या ‘चाइल्ड सायकॉलॉजी’च्या ऑनलाइन सर्टिफिकेटला काही अर्थ नाही.

पैसे भरण्याआधी तासभर बसून बघा, शक्यतो संध्याकाळी, मुलं शाळेतून दमून येतात तेव्हा. एक मूल बिथरलं, वही भिरकावली, तर त्याला बाजूला कोण नेतं? आणि उरलेल्या पाचांजवळ कोण थांबतं? सहा मुलांमागे एकच मोठं माणूस असेल, तर छोटा गट फक्त जाहिरातीत आहे. बिथरलेल्या मुलाला कोंडतात का, धरून ठेवतात का, हे सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर उठा.

‘शाळा सोडा, आम्ही मुक्त विद्यालयातून दहावी करवून घेऊ,’ हा सल्ला लगेच मानू नका. मुक्त विद्यालयाची नोंदणी आणि परीक्षा फी वेगळी पडते, आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा मुलाला काढू शकत नाही.

फी परत देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. मूल स्वतःला इजा करण्याची भाषा बोलत असेल, तर केंद्राच्या प्रवेशाची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.